नदीकाठी बाग आणि चालायचा ट्रॅक: चिपळूणसारख्या पुराच्या गावात नेमकं काय टिकेल?

वाशिष्ठीकाठचा_म्हातारा

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, चहा घेऊन वाचायला बसा.

गेल्या वर्षी सप्टेंबर ते जानेवारी मुलीकडे कॅनडात होतो, एडमंटनला. जायच्या आधी वाटलेलं थंडी, बर्फ आणि घरात बसून टीव्ही. पण त्या शहराच्या मधोमध नदी जाते, नॉर्थ सस्कॅचवान, आणि तिच्या दोन्ही बाजूची खोलगट दरीच्या दरी त्यांनी लोकांना फिरायला ठेवून दिलीय. म्हणजे आपल्यासारखं गेट, तिकीट, बंद पडलेलं कारंजं आणि सिमेंटचा हत्ती असलं काही नाही हां. रानच आहे ते, त्यातून पायवाटा, सगळ्या मिळून १६० किलोमीटरच्या वर भरतात, कोण सायकलवर, कोण कुत्रा घेऊन, कुत्र्यांना मोकळं सोडायच्या जागाही वेगळ्या, आणि बर्फ पडला की हेच लोक पायाला लांब पट्ट्या बांधून त्याच वाटेवरून घसरत जातात. म्हाताऱ्यांसाठी आणि ढकलखुर्चीवाल्यांसाठी वरच्या रस्त्यावरून खाली नदीकडे उतरायला रुळावरून तिरका जाणारा एक डबा आहे, २०१७ साली सुरू केलेला. मी त्यात दिवसातून दोनदा बसायचो, मुलगी म्हणायची बाबा तुम्ही लहान झालात.

परत आलो आणि पहिल्याच संध्याकाळी चालायला निघालो तर कुठे? हायवेच्या कडेने. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला डंपर. डॉक्टरने रोज चार किलोमीटर सांगितलंय, ते मी डिझेल पीत पूर्ण करतो.

आणि नदी तर घराच्या मागेच आहे ना ओ! कोयनेचं पाणी वीज करून पोफळीहून खाली येतं म्हणून ऐन मे महिन्यात सुद्धा वाशिष्ठीला धार असते, कोकणातल्या किती नद्यांचं असं आहे सांगा. आम्ही लहानपणी पाठीला डबा बांधून हिच्यात पोहायला शिकलो, पहिला पाऊस लागला की चढणीचे मासे धरायला रात्री बत्ती घेऊन जायचो, गौरी-गणपती इथेच. आता नदीकडे घराची मागची बाजू, म्हणजे मोरीचं पाणी आणि कचऱ्याची पिशवी. पोरांना नदी म्हटलं की २२ जुलै २०२१ चा पूर एवढंच आठवतं. त्यात त्यांचीही चूक नाही, आमच्याच खालच्या घरात नऊ फूट पाणी होतं.

आळीच्या ग्रुपवर मी नुसतं लिहिलं की नदीकाठी चालायचा ट्रॅक आणि थोडी बाग व्हायला पाहिजे, तर दोन दिवस भांडणं. निम्मे म्हणे झालंच पाहिजे, अहमदाबादच्या साबरमतीकाठासारखं करा, निम्मे म्हणे पूर विसरलात वाटतं. म्हणून इथे विचारतो. पुराच्या नदीच्या काठी अशी जागा कोणी बघितलीय का, वापरलीय का? पूर येऊन गेल्यावर तिथे काय उरतं आणि काय जातं? आणि आपल्या नदीतल्या मगरींचं काय करायचं?

पेठमापकर

काका तुमचं वय बघून गप्प बसणार होतो पण राहवत नाही 😀 आधी गाळ मग बाग. २०२१ ला स्टँडमधल्या गाड्या बुडाल्या, आगाराचे साहेब रोकड घेऊन एसटीच्या टपावर तासन् तास बसून राहिले, मुंबई-गोवा हायवेवरच्या जुन्या पुलाचा तुकडा गेला. एवढा मोठा पूल जातो तिथे तुमची बाकडी कुठे राहणार, डायरेक्ट दाभोळ. आणि साबरमतीचं नाव काढू नका, तिथे दोन्ही बाजूला काँक्रीटच्या भिंती आहेत, आपल्याकडे नदीला भिंत घातली की पाणी उलटं बाजारात.

निवृत्त_पाटबंधारे

पेठमापकरांचं भिंतीचं बोलणं बरोबर, पण "आधी गाळ मग बाग" हे मात्र पटत नाही, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. मी नोकरीतली बरीच वर्षं नद्यांच्या कामावर काढलीत म्हणून थोडं लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचतो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. नदी आणि निळी रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम चालत नाही. मग काय चालतं? मैदान, बाग, नदीकाठची शेती, म्हणजे मोकळी जागा म्हणून जो जो वापर होईल तो. २०२१ नंतर चिपळूणात या रेषांवरून केवढा गदारोळ झाला तुम्हाला माहितीच आहे, अर्धा बाजार निळ्यात आला म्हणून, आणि लोकांचा राग मी समजू शकतो, घर बांधून चाळीस वर्षं झाल्यावर कोणी येऊन सांगितलं की तू नदीत राहतोस तर कोणालाही राग येईल. पण त्या गडबडीत हे राहूनच गेलं की जिथे बांधता येत नाही ती जागा फिरायला वापरता येते. उलट ती लोकांच्या पायाखाली राहिली तर टिकेल. रोज दोनशे माणसं जिथून चालतात तिथे रात्रीत भराव टाकायला कोणी धजत नाही. नाहीतर काय होतं, आज मातीचे चार डंपर, पुढच्या वर्षी पत्र्याची शेड, मग गाळा, मग गाळ्याला वीज मीटर.

तेव्हा बाग वाईट नाही, भराव वाईट. नदीकाठच्या बागेच्या नावाखाली पहिलं काम कोणतं होतं? "लेव्हल" करायची. काठ दोन मीटर उचलला की बाग सुंदर दिसते, फोटो छान येतात, आणि नदीचं तेवढं पोट कमी होतं. ते पाणी मग तुमच्या समोरच्या आळीत.

आता आपल्या नदीचं. वाशिष्ठीचं दुखणं तिहेरी आहे. वरून सह्याद्रीचा पाऊस, तो तासा-दोन तासांत खाली. खालून भरती, खाडी गोवळकोटपर्यंत आहेच, २२ जुलैला आषाढी पौर्णिमा अगदी तोंडावर होती म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी उतरायला वाटच नाही. आणि कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, ते एरवी वरदान पण मोठ्या पावसात त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. शिवाय ते वीजनिर्मितीवर चालतं, त्यामुळे काका म्हणतात ती मे महिन्यातली धार सारखी एकसारखी नसते, कमी-जास्त होते. पायऱ्या करून पाण्यात उतरायची सोय करणार असाल तर हे डोक्यात ठेवा, दुपारी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी तेवढंच असेल असं नाही.

टिकायचं म्हणाल तर दगडी पायऱ्या टिकतात, आपल्या जुन्या देवळांचे घाट बघा, दरवर्षी बुडतात आणि वर येतात. जांभ्याची पायवाट टिकते, उखडली तर चार माणसं परत बसवतात. पेव्हर ब्लॉक टिकत नाहीत, खालची वाळू पाणी ओढून नेतं आणि एक निघाला की माळ तुटल्यासारखे सगळे निघतात. आणि जाळीचं कुंपण चुकूनही नको. पुरात जाळीला आधी गवत अडकतं, मग प्लास्टिक, मग ओंडका, आणि तासाभरात तुम्ही फुकटात एक बंधारा बांधलेला असतो.

कॅलांगकाठचा_कोकणी

मूळचा गुहागरचा, आता अकरा वर्षं सिंगापूर. काकांचा प्रश्न वाचून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो.

मी राहतो तिथून जवळच बिशान-आंग मो किओ पार्क आहे. कॅलांग नदी त्यातून जाते. आधी ती नदी नव्हतीच म्हणा, सरळसोट काँक्रीटचा नाला, २.७ किलोमीटर, दोन्ही बाजूला कठडा, आत उतरायचं नाही. तो तोडून त्यांनी नदीला परत वळणं दिली, तीच लांबी आता ३.२ किलोमीटर झाली, आणि २०१२ साली लोकांना खुलं केलं. सगळा पार्क ६२ हेक्टर. इथला पाऊस कॅनडासारखा नाही, आपल्यासारखाच, ढग आला की बादली उपडी. म्हणून मला वाटतं आपल्याला एडमंटनपेक्षा हे जवळचं.

गंमत अशी की पाणी कमी असतं तेव्हा नदी मधल्या अरुंद पात्रातून जाते आणि दोन्हीकडच्या उतरत्या हिरवळीवर लोक बसलेले असतात, पोरं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जातात, संध्याकाळी आज्यांचा व्यायाम चालतो. जोराचा पाऊस आला की तीच हिरवळ नदी होते. म्हणजे बुडणं हा अपघात नाही, ते धरूनच आखलंय. नाला वीसेक मीटर रुंद होता, आता पाणी जवळजवळ शंभर मीटरपर्यंत पसरू शकतं. काठ धरून ठेवायला भिंत नाही, झाडांची मुळं, दगड, काथ्याच्या गुंडाळ्या, आणि हे करायच्या आधी एका छोट्या तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धती लावून बघितल्या कुठली टिकते ती. काथ्या म्हटल्यावर मला हसू आलं, आपल्याकडे नारळाची सोडणं चुलीत जातात.

पाणी चढायला लागलं की भोंगा वाजतो, दिवे लागतात, घोषणा होते, काठाला बचावाच्या रिंगा लटकवलेल्या असतात. मी दोनदा पळालोय. पाच मिनिटांपूर्वी जिथे माझी मुलगी बेडूक बघत होती तिथे पाणी. तोडलेल्या नाल्याच्या काँक्रीटची त्यांनी तिथेच टेकडी केलीय, तिच्यावर चढून लोक पतंग उडवतात.

आणि हो, पाणमांजरं आलीत परत. अख्खं कुटुंब, लोक ऑफिसला उशीर करतात बघत बसून. मगरी मात्र तिथे नाहीत, तो पेपर तुम्हालाच सोडवायचाय 😛

वाशिष्ठीकाठचा_म्हातारा

वा! हे हवं होतं. पेठमापकर, तुझा राग कळतो रे बाबा, मी पण त्याच चिखलातून भांडी काढलीत.

एडमंटनचं अर्धंच सांगितलेलं. तिथेही हे आपोआप नाही झालं. १९०७ साली टॉड नावाचा बागा आखणारा होता त्याने सांगून ठेवलेलं की ही दरी बांधू नका, लोकांसाठी ठेवा. सगळं कुठलं ऐकतात, खाली नदीलगतच्या सपाटीवर घरं, लाकडाच्या गिरण्या सगळं होतंच. मग १९१५ च्या जूनमध्ये असा पूर आला की घरं तरंगत गेली, आणि नदीवरचा पूल वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी भरलेली मालगाडी नेऊन त्याच्यावर उभी केली, वजनाला! पूल राहिला.

पण निवृत्त साहेबांचं वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती तिथे असताना नव्हती आली. तिथे शहराचा मोठा भाग वर आहे, कड्यावर, आणि नदी खाली दरीत. आपलं उलटं, आपण ताटात राहतो आणि नदी त्याच ताटात. आपले जुने लोक कुठे राहायचे, पागेकडे वर, डोंगराच्या उताराला, खाली मळे. बाजार खाली आला कारण गोवळकोटला गलबतं लागायची, माल तिथे उतरायचा. गलबतं गेली, बाजार राहिला. तेव्हा आपल्याला दरीएवढी बाग मिळणार नाही हे मान्य. पट्टा मिळेल, तोही तुटक.

रानजाई

सगळे पुरुष दगड-माती-काँक्रीट बोलताय म्हणून मी बाकीचं बोलते.

मला संध्याकाळी सहा ते सात एवढाच वेळ मिळतो, घरचं आवरून. त्या वेळी नदीकाठी मी एकटी जाईन का? आत्ता नाही. आडोशाला बाटल्या असतात, पत्त्यांचे डाव असतात. म्हणून माझी पहिली मागणी उजेड, दुसरी बाथरूम, तिसरी दोन्ही टोकांनी बाहेर पडायची वाट. एकच गेट असलेली बाग बाईमाणसाला नको असते, हे आखणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. बाथरूम नदीजवळ नको, वर रस्त्याच्या अंगाला, म्हणजे पुरातही वाचेल आणि घाणही नदीत जायची नाही. दिव्यांची पेटी सुद्धा वरच.

काका, बाकड्यांचं मी सांगते. सासूबाई २००५ च्या पुरापासून एक गोष्ट सांगतात, चिखल ओला आहे तोवर काढायचा. एकदा ऊन लागून वाळला की सिमेंट. २०२१ ला आम्ही पाणी ओसरत होतं तसतसं त्याच पाण्याने फरशा धुवत मागे मागे गेलो, आमचं घर दोन दिवसांत मोकळं, शेजारचे सुरतेहून यायला आठवडा लागला तर त्यांना खुरप्याने खरवडावं लागलं. बागेचंही तेच होणार. हिरवळ-बिरवळ गाळाखाली जाईल, गुलाब मरतील. पण करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज ही झाडं नदीची सवय असलेली, त्यांना पूर म्हणजे नवीन खत. तेव्हा नर्सरीतून ट्रक भरून पाम आणू नका एवढंच. पाम बघितला की मला हॉटेलचं पार्किंग आठवतं.

आणि ज्यांच्या अंगणात नऊ फूट पाणी आलं त्या बायकांनी नदीकडे परत बघावं असं वाटत असेल तर जागा अशी पाहिजे की तिथे वर्षभर काहीतरी होईल. भोंडला करा, गौरीचे खेळ करा, पोरांना पोहायला शिकवा ना! आमच्या वेळी सगळ्यांना यायचं, आता पुराच्या गावातल्या पोरांना पोहता येत नाही.

दोन_नद्यांचं_गाव

गावाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. आमच्याकडे पण दरवर्षी नदी चौकात येते, व्यापारी माल माळ्यावर टाकतात, दोन दिवसांनी खाली काढतात, पेपरात फोटो येतो, झालं.

आमच्या इथे नदीकाठी केलं होतं असलं काम. ट्रॅक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंटचं इंग्रजी अक्षरांचं नाव, ओपन जिम. उद्घाटनाला मी पण वडापाव खाल्ला. पहिल्याच पावसाळ्यात जिमची दोन मशीन आडवी, दिव्यांचे खांब वाकले, आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे ते आजतागायत ठरलेलं नाही. अक्षरांतलं एक गळून पडलंय त्यामुळे गावाचं नाव भलतंच वाचलं जातं, ते सांगत नाही. पण एक सांगतो, त्याच्या शेजारी जुना पाणवठा आहे, चार दगडी पायऱ्या आणि एक पार, तिथे आजही सकाळी माणसं बसलेली असतात. त्याला कुणी निधी दिलेला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं, करायचंच तर दर पावसाळ्यानंतरचा साफसफाईचा खर्च आधी ठरवा, बांधायचा खर्च मग. आणि हलवता येईल ते हलवा. मेच्या शेवटी बाकडी, कचरापेट्या, पोरांचे झोपाळे काढून वर ठेवायचे, नवरात्राच्या आसपास परत लावायचे. आपण आंब्याच्या पेट्या, कौलं, लाकडं सगळं पावसाआधी आत घेतोच की. बाग पण बेगमीत धरायची.

पेठमापकर

बाकडी बेगमीत, हे आवडलं 😂 मी माझं निम्मं बोलणं मागे घेतो. भराव नाही, भिंत नाही, कुंपण नाही, आणि गाळ काढायचं चालूच राहील या अटीवर माझी हरकत नाही. गाळ काढायला मशीन उतरायला वाट लागतेच, तीच वाट एरवी चालायला ठेवा, म्हणजे दोन्हीचं भागेल.

मगरींचं सांगतो, कारण मी गळ टाकून बसणारा माणूस. मगरी पहिल्यापासून आहेत, आपणच विसरतो. बाहेरचे लोक होडीत बसून पैसे देऊन त्या बघायला येतात, आणि २०२४ च्या पावसात चिंचनाक्याला रस्त्यावर चालत आलेली ती सगळ्यांनी मोबाइलवर बघितलीच. माझ्या अनुभवाने ती माणसाच्या मागे येत नाही, पण काठाला कोंबडीची घाण, मासळीचा कचरा टाकला की ती तिथे यायला शिकते आणि मग तिला कुत्रा काय नि पोर काय. जिथे खोल कोंड आहे, उन्हाला येऊन पडायला वाळू आहे तिथे वाट न्यायचीच नाही, लांबून वर एक कठडा करा, बघू देत लोकांना. पोहायची जागा वेगळी, उथळ, दगडाची. आणि रानजाई ताई, पोहायला शिकवायचं मनावर घेत असाल तर मी येतो, पण तलावात आधी, नदीत नंतर. नदीत कधी आणि कुठे ते निवृत्त साहेबांना विचारून.

निवृत्त_पाटबंधारे

मला विचारू नका, मला स्वतःला पोहता येत नाही. एकतीस वर्षं पाण्याचं खातं.

पेठमापकरांची मशीनच्या वाटेची कल्पना चांगली आहे, खरंच. ती वाट काठाला समांतर ठेवायची, नदीच्याच पातळीशी जमवून, रोलर फिरवलेली मुरमाची. बुडली तर बुडली, ऑक्टोबरात एक हात फिरवला की झाली.

वाशिष्ठीकाठचा_म्हातारा

मग असं करतो, सगळी वाट एकदम मागत नाही. गांधारेश्वराच्या घाटाजवळून जेवढी मोकळी जागा चालता येते तेवढी आधी चालून मोजतो, कुठे कोणाचं कुंपण, कुठे गटार, कुठे कोंड, आणि कच्चा नकाशा काढून इथे टाकतो. रानजाई ताई, दिवे कुठे हवेत त्यावर तुम्ही खुणा करा. पेठमापकर, मगरी कुठे पडतात ते तू. आळीच्या ग्रुपवर तोपर्यंत काही बोलत नाही, तिथे परत साबरमती सुरू होईल.

पेठमापकर

चालेल काका. एक राहिलं, तो कॅनडातला तिरका डबा, त्याला तिकीट किती?

वाशिष्ठीकाठचा_म्हातारा

फुकट. पण खाली उतरल्यावर चहा मिळत नाही.